वसंताचा भोंगा

कोकिळेबद्दल वाईट बोलायची आपल्याकडे सोय नाही. भटकी कुत्री रात्रभर भुंकली तर महापालिकेला फोन करता येतो. डीजे लागला तर पोलिसांना. वरच्या मजल्यावर रात्री अकराला खलबत्त्यात शेंगदाणे कुटत असतील तर सेक्रेटरीला. गाढव ओरडलं तर थेट गाढवालाच शिव्या घालता येतात, मध्ये कोणी लागत नाही. पण ‘कोकिळेमुळे माझी झोप होत नाही’ हे वाक्य चार माणसांत म्हणून बघा. लोक आधी तुमच्याकडे बघतात, मग तुमच्या बायकोकडे. काय सोसलं असेल या बाईनं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येतं.

मी डोंबिवलीत राहतो. डोंबिवलीकराची झोप मुळातच उधारीवर चालते. सातची फास्ट पकडायची तर साडेपाचला उठायला हवं, आणि रात्री घरी येऊन, जेवून, गाद्या घालून पाठ टेकेपर्यंत साडेअकरा होतात. हातात राहतात सहा तास. त्यातले पहिले चार साहेब, हप्ते आणि मुलाचा क्लास यांच्या विचारात जातात. झोप अशी जी काही म्हणायची ती पहाटे साडेतीन ते साडेपाच. नेमका तेवढाच तुकडा कोकिळेनं गाठला आहे.

इमारतीच्या मागे एक आंबा आहे, त्याला खेटून गुलमोहर, आणि कंपाउंडच्या भिंतीतून कुणालाही न विचारता उगवलेला उंबर. आमच्या बेडरूमची खिडकी या तिघांकडे तोंड करून आहे. होळीला आपण एक रात्र बोंब मारतो आणि थांबतो. हिची बोंब होळीच्या आसपास सुरू होते आणि पाऊस चांगला लागेपर्यंत चालते.

लांबून, कुणाच्या तरी आमराईत, दुपारच्या वेळी ऐकलेली कोकिळा वेगळी. ती मलाही आवडते. खिडकीपासून पंधरा फुटांवर, पहाटे पावणेचारला ऐकायची कोकिळा हा निराळाच प्रकार आहे. पहिलं ‘कुऊ’ अगदी साधं असतं, कुणाला दुखवायचा हेतू नसलेलं. तुम्ही कूस बदलता. दुसरं थोडं वरच्या पट्टीत. तिसरं त्याच्याही वर. चौथ्याला उशी कानावर येते. सहाव्या-सातव्या ‘कुऊ’ला आवाज अशा टोकाला पोचतो की आता तिची तरी शीर तुटेल किंवा माझी. आणि नेमकी तिथेच ती गप्प होते. एकदम. सा रे ग म प ध नी म्हणून वरचा सा न लावताच गवई चहाला उठून गेला, तर मैफलीचं जे होईल ते माझं अंथरुणात होतं. ओरडणं परवडलं, हे थांबणं नको. उशीखाली डोळे टक्क उघडे ठेवून मी पुढच्या ‘कुऊ’ची वाट बघत पडतो. ते येत नाही. मिनिट जातं, दोन मिनिटं जातात. गेली वाटतं, म्हणून मी हातपाय सैल सोडतो, डोळ्यावर झापड येते, आणि खालच्या पट्टीतून, पहिल्यापासून, नव्या उमेदीनं: कुऊ.

मग अंथरुणातलं गणित सुरू होतं. आत्ता चार वाजलेत. या क्षणी झोप लागली तर दीड तास मिळेल. हे गणित करण्यात दहा मिनिटं जातात. आता लागली तर एक तास वीस मिनिटं. असं करत करत सव्वापाचला मी पंधरा मिनिटांच्या झोपेसाठी देवाशी घासाघीस करत असतो.

बायकोला मी हलवून विचारलं, “तुला ऐकू येत नाही का गं हे?”

“काय?”

“कोकिळा!”

“तुम्ही हलवेपर्यंत येत नव्हतं,” ती म्हणाली. “आता जागेच आहात तर दूध तापवायला ठेवा.”

आईचं मत याहून कडक. “कोकिळेच्या आवाजानं जाग यायला भाग्य लागतं,” ती चहा पिता पिता म्हणाली. “आम्ही गावाला असेच उठायचो.”

“पण आई, आज तू सहाला उठलीस. ती चारपासून ओरडत होती.”

“मला कसं ऐकू येणार? कानातलं यंत्र मी रात्री काढून ठेवते ना.”

कोकिळेचं कौतुक करणाऱ्या माणसांची नीट चौकशी केली तर बहुतेकांचं हे असंच निघतं. कुणाची बेडरूम रस्त्याच्या बाजूला असते, कुणाचा एसी खडखडत असतो, कुणी यंत्र काढून ठेवलेलं असतं.

आईचं आणि कोकिळेचं नातं तसं जुनं आहे. २०१५ साली अधिक आषाढ आला होता. अशा वर्षी बायका कोकिळाव्रत करतात. आईनंही धरलं. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे कोकिळेचा आवाज कानावर पडल्याशिवाय जेवायचं नाही. आता गंमत अशी, की हे व्रत येतं आषाढी पौर्णिमेपासून श्रावणी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे पक्ष्याची वर्षाची सगळी आरडाओरड करून झाल्यावर. एप्रिलमध्ये पहाटे चारला जी थांबत नाही, ती श्रावणात दुपारी दीड वाजला तरी तोंड उघडेना. आई उपाशी. बाबा जास्त अस्वस्थ, कारण त्यांची भूक व्रत मानत नव्हती आणि आईआधी जेवायला बसण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती. दोन वाजता बाबा “जरा बघून येतो” म्हणून गच्चीच्या जिन्यात गेले. थोड्या वेळानं तिथून आवाज आला. कुऊ. मग खोकल्याची एक मोठी उबळ, आणि पुन्हा कुऊ.

“आज कोकिळेनं दम्याचं औषध घेतलेलं दिसत नाही,” आई म्हणाली आणि पानं घ्यायला उठली.

आता सोसायटीकडे वळतो. आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर होळीनंतर दर सकाळी कोकिळेचं चित्र आणि ‘सुप्रभात’ येतं. चित्रातला पक्षी दहातल्या नऊ वेळा कोकिळा नसतो. एकदा तर चक्क मैना होती, आणि तिलाही बावीस जणांनी नमस्कार केला होता. चौथ्या मजल्यावर एक काका आहेत, आधी नोकरीतून निवृत्त झाले आणि मग कवी. ते रोज पहाटे वसंतावर चार ओळी टाकतात. लोक अंगठे दाखवतात. हा अंगठा पावतीचा, वाचल्याचा नव्हे.

एका सकाळी धीर करून मी लिहिलं, ‘पहाटे कुणाची झोपमोड होते का?’

उत्तरं धडाधड आली. ‘हो, पंपाचा आवाज.’ ‘पंपाबद्दल मी एजीएममध्येच बोललो होतो.’ ‘दूधवाला लिफ्टचं दार आपटतो.’ ‘बी विंगमध्ये कुणीतरी पहाटे मिक्सर लावतं, नाव घेणार नाही, तिसरा मजला.’ इतकी माणसं दुखावलेली बघून मला बळ आलं. मी लिहिलं, ‘मी कोकिळेबद्दल म्हणतोय.’

ग्रुप गप्प. दोन निळ्या टिका, आणखी दोन निळ्या टिका, शब्द कुणाचाच नाही. शेवटी सेक्रेटरींनी लिहिलं, ‘निसर्ग आहे साहेब.’ मग एका वहिनींनी, ‘काही लोकांना पैसे देऊन हे सुख मिळत नाही.’ मग कुणीतरी, ‘आधी झाड होतं, मग आपण आलो,’ ज्यात तथ्य नव्हतं, कारण आंबा मेंटेनन्सच्या पैशातून लावल्याची पावती फाइलला आहे. आणि शेवटी काकांच्या चार ओळी. त्यात यमक जुळवायला माझं आडनाव कामाला आलं होतं.

त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ माझ्या शेजारी उभे राहिले. दार बंद झाल्यावर वर कॅमेऱ्याकडे पाठ करून हळूच म्हणाले, “ते तुम्ही ग्रुपवर लिहिलंत ना... अगदी बरोबर आहे. चार महिने डोळ्याला डोळा नसतो. पण माझं नाव कुठे नका घेऊ.”

“मग तुम्ही तिथे संगीताच्या सुरांची इमोजी का टाकलीत?”

“तसं टाकावं लागतं हो,” ते म्हणाले. “मिसेस गाण्याच्या क्लासला जाते.”

बी विंगमध्ये एक पक्षीवाला मुलगा आहे. कॉलेजात जातो, गळ्यात दुर्बीण असते, रविवारी भोपरच्या टेकडीवर जातो आणि परत येऊन आपण काय पाहिलं ते न विचारता सांगतो. त्याला गाठून मी म्हटलं, “बाळा, ही कोकिळा कधी गप्प होते?”

“ती गप्पच असते काका. ओरडतो तो नर. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके. ती फार तर किक-किक-किक करते.”

पिढ्यान्‌पिढ्या आपण बायकांच्या गळ्याला कोकिळेची उपमा देत आलो, लता मंगेशकरांना गानकोकिळा म्हटलं, सरोजिनी नायडूंना भारत कोकिळा, आणि गाणारा हा लाल डोळ्यांचा बुवा निघाला. घरी येऊन मी ही बातमी मोठ्या उत्साहानं बायकोला सांगितली. तिला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. “लोकांच्या झोपेचा विचार न करता सगळ्यांनी माझ्याकडे बघा म्हणून ओरडणारा पुरुषच असणार,” ती म्हणाली. “मला वाटलंच होतं.”

मुलानं मला बरंच शिकवलं. पहाटे वारा पडलेला असतो, रहदारी नसते, त्यामुळे आवाज लांबवर जातो. अंधारात फळं काही दिसत नाहीत, तेव्हा गाण्याशिवाय दुसरा उद्योगही नसतो. शिवाय रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात राहणारे काही पक्षी पहाटे आणखी लवकर गायला लागतात, असं युरोपातल्या अभ्यासांत दिसलं आहे. आमच्या मागच्या गल्लीत अलीकडेच पालिकेनं पांढराशुभ्र एलईडी दिवा लावला. त्याच्याखाली पेपर वाचता येतो. त्या दिव्यासाठी सह्यांची मोहीम कवी काकांनी चालवली होती.

“याच्यावर कायदेशीर इलाज नाही का?” मी विचारलं. “२००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा, ४५ डेसिबल.” मीही थोडा अभ्यास करून गेलो होतो.

“कायदा आहे ना काका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. पण तो त्याच्या बाजूचा आहे.” मग माझ्या हाताकडे बघून तो म्हणाला, “तुम्ही दगड तर नाही ना मारत?”

“छे! दगड फक्त जवळ ठेवलाय,” मी म्हटलं.

भाचा सिडनीला असतो. त्याला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर तो हसतच सुटला. त्यांच्याकडे याचाच एक भाऊबंद आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला न्यू गिनी, इंडोनेशियाकडून उतरतो आणि तिथला उन्हाळाभर पहाटे ओरडतो. म्हणजे आमचा गप्प झाला की त्यांचा सुरू. घराण्यानं दोन पाळ्या लावून घेतल्या आहेत. “पण मामा, इथे लोक सरळ म्हणतात की वैताग आहे,” भाचा म्हणाला. सिंगापुरातही तेच, तिथले रहिवासी रीतसर तक्रारी करतात. मला त्या लोकांचा हेवा वाटला. त्यांच्या पक्ष्याच्या मागे कवी नाहीत.

झोपेचं हे खोबरं झाल्यावर दिवसाचं काय होतं ते सांगत बसत नाही. ठाणे ते दादर मी उभ्यानं झोपायला शिकलो, ते डोंबिवलीत कुणालाही येतं. संध्याकाळी एकदा परतीच्या गाडीत घाटकोपरला बसायला जागा मिळाली, हेच नशीब फुटकं. डोळे उघडले तेव्हा गाडी बदलापूरला उभी होती. फलाटावर उतरून परतीच्या लोकलची वाट बघताना पलीकडच्या झाडावरून, भर रात्री, ओळखीचा आवाज आला. शेजारचा माणूस म्हणाला, “काय सुंदर वातावरण आहे ना आमच्याकडे?” मी होय म्हटलं. लिफ्टमधल्या गृहस्थांवर हसायचा अधिकार मी त्या क्षणी गमावला.

ऑफिसातल्या एकानं उपाय सुचवला. शिकारी पक्ष्याचा आवाज लावायचा, म्हणजे बाकीचे पळतात. त्या रात्री मी मुलाचा ब्लूटूथ स्पीकर खिडकीत ठेवला, यूट्यूबवर शिक्रा शोधून ठेवला आणि पावणेचारला दबा धरून बसलो. पहिलं ‘कुऊ’ आलं. मी बटण दाबलं. आधी जाहिरात लागली, गादीची. ‘शांत झोप हवी आहे?’ असं एक बाई पूर्ण आवाजात सगळ्या सोसायटीला विचारू लागली. ती बंद करायला चष्मा सापडेना. मग शिक्रा लागला, टिवी-टिवी असं काहीतरी ओरडला आणि काय आश्चर्य, आंब्यावर शांतता पसरली. मी अंथरुणाकडे वळलो.

शिक्र्याचा व्हिडिओ छोटा होता. तो संपला आणि पुढचा आपोआप सुरू झाला. तो होता ‘कोकिळेचे सुमधुर कूजन, एक तास’.

नर कोकिळाला आपल्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज आला की तो चवताळतो. लहानपणी आपण सगळ्यांनीच त्याला कुऊ करून चिडवलेलं असतं, आपण वर चढलो की तोही वर चढतो. स्पीकरचा कोकीळ थकणारा नव्हता आणि झाडावरचा हरणारा नव्हता. उंबरावरून तिसरा आला. पलीकडच्या गल्लीतून चौथा. फोन पलंगाखाली घरंगळला होता, तो हाताला लागेपर्यंत अर्ध्या डोंबिवली पूर्वेतले कोकीळ आमच्या खिडकीशी वादाला उतरले होते. समोरच्या विंगमध्ये दिवे लागले. “कोण आहे रे तिकडे?” असा आवाज आला. मी स्पीकर उशीखाली दाबून श्वास रोखून पडून राहिलो.

सकाळी ग्रुप पेटला होता. ‘पहाटे चार वाजता कोणीतरी मोबाइलवर कोकिळेचा आवाज मोठ्याने लावत आहे. आजारी माणसं आहेत, मुलांच्या परीक्षा आहेत. काही जनाची, काही मनाची?’ खाली सत्तावीस अंगठे. या वेळी वाचून दिलेले. निसर्गवाल्या सेक्रेटरींनी ४५ डेसिबलचा नियम टाकला. वहिनी म्हणाल्या, ‘असह्य आहे, रात्रभर डोकं ठणकतंय.’ लिफ्टमधले गृहस्थ तर पोलिसांपर्यंत गेले, शब्दांनी. एकालाही झाडावरच्या आवाजाचा त्रास झाला नव्हता. सगळा त्रास स्पीकरमधल्याच आवाजाचा होता. मी लिहिलं, ‘निषेध.’ काय करणार, ग्रुपवर राहायचं तर लिहावं लागतं.

बायको वाचून म्हणाली, “गुन्हेगार सापडला तर दंड किती आहे?”

आता कावळ्यांकडे येतो, कारण खरी वाट तिथे लागली. पक्षीवाल्या मुलाच्या बोलण्यात आलं होतं की कोकिळेची मादी अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते आणि त्यामुळे कावळा कोकिळाला दिसला रे दिसला की हुसकावतो. मी विचार केला, शत्रूचा शत्रू. खिडकीच्या ग्रिलवर रोज सकाळी पोळीचे तुकडे ठेवायला लागलो. पहिला कावळा आला तेव्हा आईनं हात जोडले. “पितृपक्षात एवढं काव काव करून बोलावलं तेव्हा एक फिरकला नव्हता,” ती म्हणाली. “तुझ्या बाबांना आता भूक लागलेली दिसते.”

कावळ्यांत बातमी लवकर पसरते. आठवड्याभरात ग्रिलवर रांग लागली. त्यांनी आपली वेळही ठरवून घेतली, उजाडायच्या आधीच, सव्वापाचला. पोळी नसेल तर चोचीनं काच ठोकायची. शिळी चालत नसे. चिवडा ठेवला तर दाणे वेचून पोहे खाली पहिल्या मजल्यावरच्या वाळवणावर टाकायचे. तिथल्या आजींनी वर येऊन मला एकदा सुनावलं. कोकीळ मात्र खरंच थोडे दबले. दोन-तीन सकाळी मी आंब्यावरची पळापळ खिडकीतून समाधानानं पाहिली. कावळ्यानं मागे लागायचं, कोकिळानं ओरडत पळायचं. पावणेचारचा त्रास जाऊन सव्वापाचचा आला, दीड तास पदरात पडला, असा हिशेब मी मांडला.

मग कावळ्यांनी गुलमोहरावर घरटं बांधायला घेतलं. सामान सगळं सोसायटीचं: खराट्याच्या काड्या, केबलची तार, आणि आमच्याच दोरीवरचा लोखंडी हँगर. तो बायकोच्या चांगल्या ड्रेसचा होता. ड्रेस खाली चिखलात सापडला.

पक्षीवाला मुलगा आनंदानं धावत आला. “काका, घरटं पाहिलंत? मस्त! आता आणखी येतील बघा.”

“कावळे?”

“कोकीळ हो! अंडी घालायला जागा झाली ना.”

मी मटकन खाली बसलो. तो समजावत राहिला आणि पुढच्या दिवसांत मला ते सगळं खिडकीतून पाहायलाच लागलं. नर उघड्या फांदीवर बसून मुद्दाम ओरडतो. कावळा आणि कावळी दोघंही घरटं सोडून त्याच्या मागे लागतात. तेवढ्यात आंब्याच्या दाट पानांतून एक ठिपकेदार सावली सरकते, घरट्यावर थोडा वेळ टेकते आणि निघून जाते. ज्या पळापळीला मी टाळ्या वाजवत होतो ती या दोघांनी मिळून रचलेली होती. कावळा जिंकला असं कावळ्याला वाटत होतं आणि मला वाटत होतं. सबंध आवारात तेवढे आम्ही दोघेच.

पुढे पिल्लं बाहेर आली. कोकिळाचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांच्या आधी अंड्यातून निघतं आणि खायलाही आधी मागतं. जूनमध्ये ते फांदीवर येऊन बसायला लागलं, तोंड वासून. बिचारा कावळा सव्वापाचला माझ्या ग्रिलवर येई, काच ठोकी, ताज्या पोळीचा तुकडा उचली आणि जाऊन त्याच्या तोंडात कोंबी. आमच्या घरच्या गव्हावर, तुपाचं बोट लावलेल्या पोळीवर, पुढच्या वर्षीचा कोकीळ माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता. आई म्हणाली, “बाबांनी काय गुटगुटीत नातू धाडलाय!”

शेवटी मी केमिस्टकडे गेलो आणि कानात घालायचे बोळे मागितले. दुकानदार म्हणाला, “संपले साहेब. तुमच्याच बिल्डिंगला सगळे जातात. शेवटची दोन पाकिटं चौथ्या मजल्यावरचे ते कवी काका घेऊन गेले. दर वर्षी मार्चमध्येच सांगून ठेवतात, या वर्षी जास्त लागली.”

घरी येऊन मी ग्रुपवर काकांच्या वसंतावरच्या कविता वर सरकवत पाहिल्या. प्रत्येकीच्या खाली वेळ होती. तीन त्रेपन्न. चार अकरा. चार सात. चार एकोणीस. रविवारीसुद्धा. मी एकही कविता आजवर पूर्ण वाचली नव्हती. त्या दिवशी सगळ्या वाचल्या आणि एकेकीला अंगठा दिला. पाच मिनिटांत काकांचा खासगी निरोप आला: ‘तुम्हालाही झोप नाही ना?’

आता काका आणि मी एप्रिल-मेमध्ये पहाटे चारला गच्चीवर भेटतो. ते थर्मासमधून चहा आणतात, मी खारी नेतो. आंब्याकडे बघत काका ज्या शिव्या देतात त्या त्यांच्या कवितांपेक्षा कितीतरी वरच्या दर्जाच्या आहेत आणि एकदाही यमक चुकत नाही. त्या ग्रुपवर टाका असं मी सुचवलं, तर घाबरले. म्हणाले, “माझा वाचकवर्ग आहे हो.”

तर घर शोधणाऱ्यांना एक विनंती. एजंट तुम्हाला ‘गार्डन फेसिंग’ फ्लॅट दाखवील, खिडकी उघडून झाडांकडे हात करील आणि चौरस फुटामागे वर पैसे सांगील. दुपारी बारा वाजता घर पाहून टोकन देऊ नका. एप्रिलमध्ये, पहाटे पावणेचारला जाऊन त्या खिडकीखाली उभे राहा. एजंट येणार नाही, तुम्ही जा. आणि उजाडल्यावर झाडावर कावळ्याचं घरटं आहे का तेवढं नीट बघून घ्या. असेल, तर भाव पाडून मागा.